डावी मऊ, उजवी कडक

६ जानेवारी, सोमवार. बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन राजांचा सण.

स्कीच्या कारखान्याला सुट्टी. सकाळी कागदी मुकुट घातलेली तीन पोरं दारात गाणं म्हणून गेली. चौकटीवर खडूनं नव्या वर्षाचे आकडे लिहिले, डबा खुळखुळवला, पैसे नेले. मधल्या राजाचं नाक वाहत होतं. ते त्यानं माझ्या दाराला पुसलं. शी! वर्षाची सुरुवात ही अशी.

मग गॅलरीत उभा राहून बर्फाच्या उतारावर स्की करणारी माणसं बघत बसलो. आणखी किळस. एकजात सगळे डावीकडे वळताना राजे आणि उजवीकडे वळताना भिकारी. मीही त्यातलाच, पण मला निदान कारण कळलंय. उजवीकडे वळताना भार डाव्या पायावर येतो. माणसाचा एक पाय मालक असतो आणि एक गडी. बहुतेकांचा उजवा मालक. आता डाव्या गड्यानं ती कडक स्की वाकवायची कशी? आणि स्की वाकली नाही तर वळणार कशी? हातमोजे डावे-उजवे वेगळे, बूट वेगळे, हल्ली मोजेसुद्धा वेगळे मिळतात. स्की मात्र जुळ्या! इतकी वर्षं कुणाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. माझ्या पडला.

संकल्प. एक : डावी मऊ, उजवी कडक अशी जोडी करायची. दोन : स्की तयार होईपर्यंत अवाक्षर काढायचं नाही. तीन : रात्रीचं चीज बंद.

संध्याकाळी रोसवीताला सांगितलं. बायकोला सांगणं म्हणजे सांगणं नव्हे. ती भाड्याच्या खोल्यांची बुकिंगं बघत होती. बरं म्हणाली. ऐकलं नसावं. मग चीजमध्ये बुडवलेल्या श्पेट्झलेचा, म्हणजे आमच्या जाड शेवयांचा, तवाच टेबलावर आणून ठेवला. दोनदा घेतलं. सण होता.

९ जानेवारी

कामगिरी फत्ते. दुपारी सगळे जेवायला गेल्यावर स्कीच्या आतले चार लाकडी गाभे पातळ रंधले, चार जाड. अ‍ॅशचं लाकूड, सुंदर रेषा. गाभा पातळ तर स्की मऊ, जाड तर कडक. म्हणजे स्कीचा जीव माझ्या हातात असतो. अठ्ठावीस वर्षं या कारखान्यात मी रंधा चालवतोय. मेव्हणी बुर्गी ते गाभे प्रेसमध्ये भाजते, कडा घासते, नंबर ठोकते. तरी मान कुणाला? बुर्गीला. मालकाची धाकटी मुलगी ना.

माझे आठ गाभे गुपचूप रोजच्या मालात सरकवून दिले. बुर्गीनं दोन-तीन हातात घेऊन वाकवले. मग माझ्या हातांकडे बघितलं. भावोजी, हल्ली झोप नीट लागते ना, म्हणाली. थोड्या वेळानं लिंडन झाडाच्या फुलांचा चहा घेऊन आली. मला तो वास सहन होत नाही, आजारी माणसाच्या खोलीचा वास आहे तो. ही बाई गोड बोलायला लागली की समजावं, हिचा जळफळाट सुरू झालाय.

१६ जानेवारी

आल्या! बुर्गीच्या टेबलावरून चार जोड्या, नंबर ठोकून, पट्टा बांधून. हातात घेतल्यावर अंगावर काटा आला. पहिल्या जोडीतली एक स्की जमिनीवर टेकवून वाकवली. लोणी. दुसरी वाकवली. बाप रे! काय ताठा! पहिलीवर रंगानं 'डा' लिहिलं, दुसरीवर 'उ'. बाकीच्या जोड्याही अशाच. कुठली कुठली ते हाताला लगेच कळतं.

मापून बघायला हवं होतं म्हणा. बुर्गीच्या टेबलाशेजारी तो बाक आहे, दोन ठोकळ्यांवर स्की आडवी ठेवायची, मधोमध वजन टांगायचं आणि किती वाकली ते पट्टीवर बघायचं. पण मापं त्यांच्यासाठी, ज्यांच्या हातात जीव नाही.

१९ जानेवारी, रविवार

सासऱ्यांकडे जेवण. सुपात क्नोडेल, म्हणजे पावाचे गोळे. सासरे विगिल ब्याऐंशी वर्षांचे आहेत आणि जेवताना कवळी काढून ताटाशेजारी ठेवतात. मी क्नोडेलकडे बघू की कवळीकडे?

तरी उभा राहून जाहीर केलं. मालक पाय, गडी पाय, सगळं. म्हातारा हसता हसता खोकायला लागला. म्हणाला, जावईबापू, हा उद्योग माझ्या तरुणपणी दोघांनी करून पाहिला. एक नंतर गुरांकडे वळला आणि दुसरा विम्याकडे. आणि तुमचा पाय बरा आहे हो. तुम्ही उजवीकडे वळताना डोंगराला टेकता, गुत्त्यातल्या काउंटरला टेकल्यासारखे. टेकणं सोडा, वळाल.

मग खरी गोम बाहेर पडली. पुढच्या दुकानात भाड्याच्या स्की आणि बुटांचा काउंटर आहे, तिथला फ्लोरिन नाताळपासून पाठ धरून घरी बसलाय. तिथं घरचं कुणी हवं. बुर्गीनं म्हणे माझं नाव आधीच सुचवलंय. मी! भाड्याचे बूट! दिवसभर परक्यांचे घामेजलेले पाय त्यात कोंबायचे, संध्याकाळी ते वाफाळते बूट खुंटीवर लावून आत फवारा मारायचा. त्या खोलीतून नुसतं जाताना मी श्वास रोखतो.

भांडलो. शेवटी म्हाताऱ्यानं तोड काढली. नऊ मार्चला गावच्या क्लबची शर्यत. बुर्गी दरवर्षीप्रमाणे आपल्या साध्या जोडीवर उतरेल. माझ्या स्की घालून घरातलं कुणीही तिच्यापेक्षा कमी वेळात खाली आलं तर रंधा माझा, आणि पुढच्या हिवाळ्यात माझं मॉडेल. नाही आलं तर मी काउंटरवर. टेबलावर हात आपटून मी कबूल म्हणालो. सूप सांडलं.

निघताना बुर्गी मागून जिन्यात आली. भावोजी, त्या आठ स्कींबद्दल एक सांगायचं होतं, म्हणाली. मी तिला तिथंच तोडलं. म्हटलं, यातलं तुला काय कळतं? तू नंबर ठोक. तशीच परत फिरली. चांगली जिरवली.

२३ जानेवारी

शास्त्रीय चाचणी सुरू. कुणाचा कुठला पाय मालक ते शोधायची सोपी रीत आहे. माणसाला मागून हलकेच ढकलायचं. तोल सावरायला जो पाय पुढं पडतो तो मालक.

देवळाच्या पायरीवर फादर कासियान दिसले. हलकेच ढकललं. पायरीवर बर्फ होता. आधी डावा पाय पुढं गेला, मग दोन्ही हात, मग टोपी. नोंद : डावा. उठल्यावर ते जे बोलले ते पाद्र्याच्या तोंडात शोभत नाही. तरी त्यांना एक जोडी फुकट वापरायला दिली, तेव्हा शांत झाले. डावा मालक, म्हणून त्यांना सांगितलं, 'डा' उजव्या पायात घालायची.

दुसरी जोडी डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टवरच्या ओथमारला. तिसरी बुर्गीच्याच मुलीला, झेन्झीला. सतरा वर्षांची आहे, गावात तिच्याइतक्या वेगानं कुणी उतरत नाही. चौथी मला.

३० जानेवारी

पहिले रिझल्ट. लोकांना स्वतःच्या पायांचीही खबर नसते, हे वाचून मला उबग आलाय. म्हणजे ऐकून.

ओथमार म्हणतो, गेबहार्ड, दोन्ही मऊ आहेत रे. शेवयांवर उभं राहिल्यासारखं वाटतं. दोन्ही कशा मऊ असतील? उजवी कडक आहे. म्हणजे त्याचा उजवा पाय लिफ्टचे बार ओढून ओढून इतका दांडगा झालाय की त्याला कडकही मऊ लागते. सिद्धान्त सिद्ध.

फादर म्हणतात, दोन्ही लोखंडी फळ्या आहेत, गुडघे गेले माझे. म्हणजे आयुष्यभर गुडघे टेकून टेकून त्यांचे दोन्ही पाय गडी झाले. पुन्हा सिद्ध! उलटसुलट तक्रारी आणि दोन्ही माझ्याच बाजूच्या. हे जमायला डोकं लागतं.

हे सांगताना ओथमार माझ्या समोर लेबरकेझचा, म्हणजे भाजलेल्या खिम्याच्या वडीचा, पाव खात होता. मोहरी दाढीत. तिकडे न बघता लिहून घेतलं.

२ फेब्रुवारी

संताप! लिफ्टपाशी उभा राहून पाहिलं तर फादरनी 'उ' उजव्या पायात घातलेली. ओथमारनं 'उ' डाव्या पायात. झेन्झीनंही डाव्यात. विचारलं तर तिघंही माझ्याकडेच बघायला लागली. फादर म्हणाले, अरे, काल त्या पायात होती, आज या पायात. रोज अदलाबदल केली नाही तर आतल्या कडा झिजतील ना? तुला लहानपणी कुणी शिकवलं नाही का?

शिकवलं होतं. या दरीत पोराला चालता येण्याआधी हे शिकवतात. रोज डावी उजव्यात, उजवी डाव्यात. मेंढरं!

मी विचारलं, मग बदलल्यावर काही फरक नाही जाणवला? तिघंही नाही म्हणाले. अशांना घेऊन मी शास्त्र पुढं नेणार.

आता अक्षरं हातभर मोठी रंगवलीत. लाल. घरी आलो तर स्वतः म्हातारा आमच्या पडवीत येऊन माझी जोडी खुंटीवर उलटी लावत होता. हाताला सवय, म्हणाला.

११ फेब्रुवारी

माझा उजवा वळसा कमालीचा सुधारलाय. डाव्या पायाखाली ती मऊ स्की अशी वाकते, अशी वाकते, की मला काही करावंच लागत नाही. फक्त उभं राहायचं.

रोसवीताला म्हटलं फोनवर चित्रण कर. तिनं केलं. बघितलं. फोन तिरका धरला होता. मी डोंगराकडे कललेला दिसतो. मागची झाडं मात्र सरळ दिसतात, त्याचं कारण अजून सापडलं नाही. पुसून टाकायला सांगितलं. ती म्हणाली, गेबहार्ड, असू दे ना, बुर्गीला दाखवते, कधीची हसली नाही बिचारी.

संकल्प : रोज सकाळी डाव्या पायावर उभं राहून दात घासायचे.

१२ फेब्रुवारी

दात घासताना बेसिन निखळलं. प्लंबर हा प्राणी नखं काळी ठेवूनच जन्माला येतो का?

१८ फेब्रुवारी

डाव टाकला. म्हाताऱ्याची अट काय, घरातलं कुणीही. झेन्झी घरचीच. आपल्या आईपेक्षा ती नेहमीच वेगात उतरते. ती माझ्या स्कीवर उतरली की झालं!

हा स्कीचा विजय की पोरीचा, असा प्रश्न कोत्या मनाची माणसं विचारतील. मी विचारणार नाही.

झेन्झीला नुडेल सूप आणि चॉकलेट केक खाऊ घातला. काका, मला स्की आवडल्यात खऱ्या, म्हणाली, मऊ बर्फावर नाचतात. उतरेन मी. फक्त ती लाल अक्षरं पुसा, मैत्रिणी मला 'डाउ' म्हणून हाक मारतात. पुसली नाहीत. बुर्गीला कळलं तेव्हा तिनं नुसते खांदे उडवले. भावोजी, घ्या की माझी पोरगी, म्हणाली. हरल्याची कबुलीच ती.

२७ फेब्रुवारी. कार्निव्हलचा गुरुवार.

दक्षिणेचा गरम वारा सुटलाय. बर्फाचा लगदा. सगळ्या गावाला डोकेदुखी, मला नाही. झेन्झी सरावात सगळ्यांच्या पुढं. चौकात मुखवटे घातलेली माणसं गुरांच्या घंटा बांधून उड्या मारत होती, घामाचा आणि दारूचा वास नाकात बसलाय. तरी त्या गर्दीत मी उभा राहून क्राप्फेन, म्हणजे जॅम भरलेले तळलेले गोड पाव, वाटले. पुढच्या वर्षीच्या मॉडेलला नाव काय द्यायचं, विचारलं सगळ्यांना. ओथमार म्हणाला, 'लंगडा'. त्याचा क्राप्फेन परत घेतला.

भाड्याच्या काउंटरपुढून मुद्दाम दोनदा गेलो. सध्या तिथं दारावर चिठ्ठी आणि आत कुबट वास. मनात म्हटलं, राहा तसाच. मी येत नाही.

६ मार्च

काय लिहू. हात चालत नाही.

वारा गेला, कडाक्याची थंडी आली, उतार काचेसारखा झाला. झेन्झी दुपारी सरावातून सरळ कारखान्यात आली. काका, या बर्फावर थरथरतात, म्हणाली, दोन्ही मऊ आहेत, पकडच घेत नाहीत. मी म्हटलं, बाळ, डावीच फक्त मऊ आहे. दोन्ही, ती म्हणाली. डावीच, मी म्हटलं. मग ती बाकाकडे गेली. एक स्की ठोकळ्यांवर ठेवली, वजन टांगलं, पट्टी वाचली. दुसरी ठेवली. तीच रेघ.

मी म्हटलं, बाक बिघडलाय. माझी जोडी आणून ठेवली. दोन्ही कडक. केसाचा फरक नाही.

बुर्गीनं मशीन बंद केलं आणि हात पुसत आली. आता तरी ऐकता का, म्हणाली. भावोजी, हे टेबल कशासाठी आहे असं वाटतं तुम्हाला, नंबर ठोकायला? प्रेसमधून निघालेली प्रत्येक स्की मी मापते आणि तिच्यासारखी दुसरी शोधून जोडी लावते. आजोबांपासूनची रीत आहे. विजोड स्की या दारातून बाहेर जात नाही. तुमच्यातल्या चार मऊ निघाल्या, चार कडक. मी मऊ मऊला लावल्या, कडक कडकला.

मी विचारलं, मग सांगितलं का नाहीस?

ती म्हणाली, आधी मला वाटलं, तुमचा हात कापायला लागलाय. नाताळाच्या आधीही काही गाभे कमी-जास्त आले होते, तेही मी जुळवून घेतले. बाबांच्या कानावर जाऊ दिलं नाही. म्हणून तर काउंटरचं सुचवलं, रंध्यावर बोटं जातील अशी भीती वाटली. मग त्या रविवारी तुमचं भाषण ऐकलं तेव्हा उलगडा झाला. सांगायला जिन्यात आले होते. तुम्ही म्हणालात, नंबर ठोक. ठोकले.

मग हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

म्हणजे दीड महिना मी जुळ्या स्कीवर उभा राहून मऊ-कडक करत होतो. लोणी काय, ताठा काय. ओथमारनं सांगितलं दोन्ही मऊ, तर खरंच दोन्ही मऊ होत्या. फादरचे गुडघे खरंच गेले. आणि ही बाई माझ्या नकळत माझ्यावर दया करत होती. लिंडनच्या फुलांचा चहा! मला माझीच शिसारी आलीय.

झेन्झीनं स्की परत केल्या. काका, सॉरी, म्हणाली. ती आपल्या जुन्या जोडीवर उतरणार.

राखेचा बुधवार काल झाला, उपास सुरू आहे. तरी चीज खाल्लं.

७ मार्च

पण थांबा! रात्रभर विचार केला आणि सकाळी उठून बसलो. याचा अर्थ काय? याचा अर्थ असा की डावी मऊ, उजवी कडक अशी जोडी अजून कुणी वापरलेलीच नाही! सिद्धान्त हरलाच नाही, तो अजून उतारावर गेलेलाच नाही.

झेन्झीच्या जोडीतली एक घेतली, माझ्या जोडीतली एक. बाकावर ठेवून मापली. माझ्या स्वतःच्या हातानं, चष्मा लावून. एक मऊ, एक कडक. रेघांत चांगला बोटभर फरक. अक्षरं खरवडून नव्यानं लिहिली.

आता घरातलं कुणी म्हणजे मीच. बुर्गी सेहेचाळीस वर्षांची आहे, मी चोपन्न. तिच्या दोन्ही पायांखाली साध्याच स्की. माझ्या डाव्याखाली न्याय आहे. हरणं शक्य नाही.

बूट अडकवायचं बाईंडिंग माझ्या मापानं बसवायला जोडी बुर्गीकडेच द्यावी लागली. विजोड जोडी हातात घेताना तिनं तोंड असं केलं की जणू मी तिला मेलेला उंदीर दिला. पण बसवून दिली, चोख.

९ मार्च, रविवार. दुपार.

शर्यत झाली.

सकाळी स्वच्छ ऊन, उतार कडक. वर शर्यत सुटते त्या दारापाशी उभा राहिलो तेव्हा छातीत धडधड, पण चांगली. पायाखाली बघितलं. डाव्यात 'डा', उजव्यात 'उ'. खाली सगळं गाव, म्हातारा खुर्ची टाकून बसलेला.

सुटलो. पहिलं डावं वळण झकास. मग उजवं. आता वाकेल, म्हटलं, आता लोणी. वाकली असेलही. मी मात्र बाहेर फेकला गेलो, दरवर्षी जातो तसाच, त्याच जागी, त्याच झुडपाकडे. सावरलो. पुढचं उजवं, पुन्हा तेच. उतारभर खालून ओरडणं ऐकू येत होतं. टेकू नकोस! आधी म्हाताऱ्याचा आवाज, मग फादरचा, मग बायकापोरांचा, अख्खं गाव एका सुरात. टेकू नकोस! आणि मला कळत होतं की मी टेकतोय. हाडामांसाला कळत होतं. डाव्या पायावर उभं राहायची वेळ आली की काहीतरी मला डोंगराकडे ओढतं, आणि ते काहीतरी स्कीत नाही.

खाली आलो. घड्याळावर ओथमार होता. त्यानं आकडा बघितला, घड्याळ कानाशी नेऊन हलवलं, पुन्हा बघितलं. म्हणाला, गेबहार्ड, मला वाटलं हे गेल्या वर्षीचंच अडकून राहिलंय.

बुर्गी माझ्या कितीतरी आधी. फादर माझ्या आधी. फादर, त्या लोखंडी फळ्यांवर.

तरी एक आशा होती. वाकून बघितलं. स्की उलटसुलट घातल्या असतील तर! वर घाईत, सवयीनं, अदलाबदल झाली असेल तर! हातानं बर्फ पुसला. डाव्यात 'डा'. उजव्यात 'उ'. बरोब्बर होत्या.

म्हातारा खुर्चीतून उठला, माझ्या खांद्यावर हात ठेवला. जावईबापू या वेळी म्हणाला नाही. गेबहार्ड, उद्या आठ वाजता, म्हणाला. लवकर ये, पहिली बस जर्मनीहून येते.

१० मार्च

कारणं. वळणं दाखवणारे खांब चुकीच्या जागी रोवले होते. ऊन डोळ्यांवर. सकाळचं अंडं. ओरडण्यानं लक्ष विचलित झालं, ही तर उघड लबाडी. लिहिली सगळी. वाचली. खोडली.

काउंटरवर पहिला दिवस. मेंढीच्या लोकरीचा, जुन्या चीजचा आणि माणसाचा असा मिळून एक वास असतो. तो घरी आल्यावरही हातांना येतो. साबणानं जात नाही, लिंबानं जात नाही. जेवताना चमचा तोंडाजवळ नेववत नाही. एका माणसानं मोज्याऐवजी प्लास्टिकच्या पिशव्या घालून बूट चढवले होते. परत करताना ते त्यानं माझ्या हातात ओतले. हो, ओतले.

कारखान्यातून रंध्याचा आवाज येत होता. बुर्गीनं नवा माणूस लावलाय. रंधा सरळ चालतो त्याचा, आवाजावरून कळतं.

१५ मार्च, शनिवार. सकाळ दहा.

रांग दारापर्यंत. हॅम्बुर्गची एक बाई, पहिल्यांदाच बर्फावर आलेली, कानापर्यंत ओढलेली टोपी. बूट चढवून दिले. चार बकलं लावून दिली. तिचे मोजे ओले होते. स्कीची जोडी तिच्या हातात दिली. तिनं ती उलटीपालटी करून पाहिली, एक या बाजूला धरली, एक त्या बाजूला, मग पुन्हा उलट. मग लाजत विचारलं, अहो, यातली डावी कुठली आणि उजवी कुठली?

मी तोंड उघडलं. मालक पाय, गडी पाय, सगळं जिभेवर आलं होतं. मागं रांगेतले लोक बूट आपटत होते. कुणीतरी जोरात शिंकलं, ते माझ्या बाहीवर आलं.

म्हटलं, बाई, दोन्ही सारख्याच असतात. कुठलीही कुठल्याही पायात घाला.

हो का, किती सोपं, म्हणाली, आणि हसत बाहेर पडली. तिच्या मागचा माणूस पुढं आला. त्यानंही तेच विचारलं.